मदत हवी आहे: चैत्रात वडील (69) आणि लेक (12) यांना घेऊन एक डोंगर, एक समुद्र

नमस्कार मंडळी,

पुण्यात राहते. वडील 69 वर्षांचे, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. ऐंशीच्या दशकात साप्ताहिक सुट्टी म्हटली की ते कुठल्या ना कुठल्या गडावर असायचे. आई गेल्यावर दोन वर्षं घराबाहेर पडणंच थांबलं होतं. गेल्या महिन्यात त्यांनी माळ्यावरची जुनी हॅवरसॅक काढली, साबणाने धुतली आणि गॅलरीत वाळत घातली. बोलले काहीच नाहीत. तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरा विषय नाही.

बरेच जण सांगतात की पावसाळ्यात जा, नाहीतर सरळ डिसेंबरात. पण बाबांना हेच दिवस हवे आहेत. पांगारा, काटेसावर, पळस, कुसुंबाची तांबडी पालवी. माझ्या लेकीला सह्याद्री म्हणजे धुकं आणि धबधबे एवढंच माहीत आहे. फाल्गुन-चैत्रातला डोंगर तिने पाहिलेलाच नाही आणि तो तिला तिच्या आजोबांनी दाखवावा असं मला मनापासून वाटतं.

भीती वाटते त्याचं कारणही सांगते. मागच्या वर्षी मार्चअखेर आम्ही तिघं एका गडावर गेलो होतो. पायथ्याला पोचायलाच साडेनऊ वाजले. तिघांत मिळून चार लिटर पाणी होतं, ते वर जाईपर्यंत संपत आलं. टाक्यात पाणी होतं, पण हिरवं. उतरताना बाबांना अंधारी आली. एका हिरड्याखाली पाऊण तास बसवलं, खालून येणाऱ्या दोन मुलांनी स्वतःकडचं लिंबूपाणी दिलं आणि मग आम्ही हळूहळू उतरलो. ती चूक पुन्हा करायची नाही.

चढताना बाबांचा दम चांगला आहे, पण उतरताना उजवा गुडघा दुखतो. रक्तदाबाची गोळी चालू आहे. एक रविवार पाडव्याच्या आधीचा आणि पाडव्यानंतरचे शनिवार-रविवार (सोमवारची रजा मिळेल) असं हाताशी आहे. डोंगर पुण्याहून एका दिवसात जाऊन येण्यासारखा हवा. समुद्रावर नुसतं वाळूत बसायचं नाही, किनाऱ्याने चालायचं आहे. कुठे जाऊ? किती वाजता निघू? आणि पाण्याचा हिशोब कसा करू?

(उत्तरं खाली, प्रत्येकाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

घसारा

ताई, तुमचा गड चुकला नव्हता, वेळ चुकली होती. मार्चमध्ये अंतर किती हे नंतर विचारायचं, आधी विचारायचं ते हे की दहा वाजता आपण कुठे असू. दहाला परतीच्या वाटेवर, सावलीत किंवा गाडीपाशी असाल तर बाकी सगळं जमतं. पुण्यात मार्चच्या मध्याला सूर्य साधारण पावणेसातला उगवतो. फटफटायला लागलं की चढायला लागा, म्हणजे घरून चार-सव्वाचारला निघा.

गुडघ्यासाठी: या दिवसांत गवत वाळलेलं आणि मुरूम सुटा असतो, त्यामुळे चढापेक्षा उतार घातक. काकांना एक नाही, दोन काठ्या द्या. घसाऱ्यावर पाऊल आडवं आणि लहान टाकायचं. बूट झिजलेले असतील तर नवे घ्या, पण आधी पंधरा दिवस घरच्या रस्त्यावर वापरून मगच डोंगरावर न्या.

करवंदीची जाळी

लोहगड सुचवणारे बरेच भेटतील, पायऱ्या आहेत म्हणून. मी नाही सुचवणार. त्या दगडी पायऱ्या उन्हात तापतात, आणि गुडघा दुखणाऱ्याला पायऱ्यांचा लांब उतार फार जाचतो. आईला घेऊन गेले होते, तेव्हा आम्हाला ते जाणवलं.

सावलीत चालायचं असेल तर भीमाशंकर. देवळाच्या मागून गुप्त भीमाशंकरकडे जाणारी वाट जंगलातून जाते, चढउतार बेताचा आहे आणि शेकरू दिसण्याची शक्यता चांगली. नशिबात असेल तर अंजनी फुललेली मिळेल. फांदीला चिकटून निळी-जांभळी फुलं येतात, लेकीला जरूर दाखवा. फक्त सोमवार आणि सलग सुट्ट्या टाळा, गाडी लावायलाच तास जातो. आणि खांडसकडून शिडीघाटाने, म्हणजे शिड्यांच्या खड्या वाटेने, चढायचा मोह या वेळी नको.

पाऊलवाट

माझं मत रायरेश्वर. कारण सांगतो.

पुण्याहून 80-85 किलोमीटर. कापूरहोळ, भोर, आंबवडे, कोर्ले असं जायचं. कोर्ल्यातून घाटरस्ता वर चढतो आणि गाडी रायरेश्वर व केंजळगड यांच्यामधल्या खिंडीपर्यंत जाते. रस्ता अरुंद आहे, अंधारात सावकाश चालवा. खिंडीतून पायऱ्या आणि लोखंडी शिड्या, आमच्यासारख्यांना अर्धा तास, काकांना पाऊण तास धरा. तेवढाच काय तो चढ. एकदा वर गेलात की लांबच लांब पठार आहे. गुडघ्याला त्रास न देता तुम्ही तास-दोन तास नुसतं चालू शकता, आणि तुमच्या गरजेला नेमकं हेच बसतं. चढ कमी, चाल भरपूर.

वर वस्ती आहे. जंगम कुटुंबं पिढ्यान् पिढ्या राहतात. आदल्या दिवशी निरोप दिला तर पिठलं-भाकरी मिळते. शिवरायांनी 1645 मध्ये स्वराज्याची शपथ घेतली असं ज्या शंभूमहादेवापाशी सांगतात, ते देऊळ पठारावरच आहे. समोर केंजळगड, हवा स्वच्छ असेल तर राजगड-तोरणाही दिसतात. चैत्रात मात्र हवेत धुरकटपणा असतो, त्यामुळे दूरचं दिसेलच असं धरून चालू नका.

दोन इशारे. पहिला, आग्या मोहोळ. या दिवसांत कड्यांना पोळी लटकलेली असतात. अत्तर, डिओ, सुगंधी तेल काही लावू नका, कड्याखाली ओरडू नका, धूर तर अजिबात नको. माश्या उठल्याच तर हात झाडत उभं न राहता तोंड-मान झाकून तिथून लांब व्हायचं. दुसरा, वणवा. खाली राब भाजायचे, म्हणजे भातरोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळायचे दिवस आहेत आणि गवत कोरडं ठणठणीत. उतारावर आग दिसली तर तिच्या वरच्या बाजूला कधीही जाऊ नका, आग चढावर फार वेगाने धावते. उघडा कातळ किंवा आधीच जळून गेलेली जागा गाठा.

डॉक्टरीण

ताई, एक महत्त्वाचं. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे का, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या. तसं असेल तर उन्हात त्यांच्या शरीरातलं पाणी आणि क्षार इतरांपेक्षा लवकर कमी होतात, आणि बसून एकदम उठलं की अंधारी येते. गेल्या वर्षी कदाचित हेच झालं असेल. गोळी मनाने बंद करू नका, वेळ बदलायची का तेवढं विचारा.

पाणी माणशी तीन लिटर धरा, त्यातलं एक लिटर ओआरएस किंवा मीठ-साखर-लिंबू घातलेलं. तहान लागायची वाट पाहू नका, दर वीस मिनिटांनी चार घोट. वयाबरोबर तहानेची जाणीव कमी होते, म्हणून "मला नकोय" असं ते म्हणाले तरी प्यायला लावा. डोकं ठणकणं, मळमळ, बोलण्यात गोंधळ यांपैकी काही दिसलं की चालणं तिथेच थांबवायचं. सावली, ओला पंचा मानेवर आणि काखेत, वारा. बोलणं असंबद्ध झालं तर वेळ न दवडता दवाखाना.

भांगाचं पाणी

ताई, मी श्रीवर्धनकडचा. समुद्राचं मी सांगतो.

तुम्हाला चालायचं आहे ना, मग हरिहरेश्वरची प्रदक्षिणा करा. देवळामागून डोंगरावर चढायचं, मग दोन कातळांच्या मधून पायऱ्या थेट समुद्राकडे उतरतात. खाली लाटांनी कापून काढलेला सपाट खडक आहे, कड्याला जाळीसारखी भोकं पडलेली आहेत. एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला पाणी, असं वळसा घालून परत देवळाशी येता. वाट फार लांब नाही, पण ती ओहोटीचीच आहे. भरतीला त्या खडकावर माणसं ओढली गेली आहेत. पाटी लावलेली असते, ती वाचूनच पुढे जा. ओल्या, हिरव्या खडकावर पाय टाकू नका आणि फोटोसाठी काठावर जाऊ नका.

वेळ कशी काढायची ते शिकून ठेवा, लेकीलाही शिकवा. आमच्याकडे तिथीची पाऊणपट करतात. आज तृतीया, तर तीनचे पाऊणपट सव्वादोन. सव्वादोनला पूर्ण भरती, दुपारी आणि पहाटेही. त्यात सव्वासहा तास मिळवले की साडेआठला पूर्ण ओहोटी. चतुर्थीला भरती तीनला, म्हणजे ओहोटी सव्वानऊला. रोज सुमारे पाऊण तास पुढे. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. पंधरा-वीस मिनिटं इकडेतिकडे होतात, म्हणून निघण्याआधी छापील कोष्टक किंवा मोबाइलवर ताडून घ्या आणि गावातल्या माणसाला विचारा.

आता तुमच्या तारखा बघा. यंदा पाडवा गुरुवारी, म्हणजे शनिवारी तृतीया आणि रविवारी चतुर्थी. सकाळी चालायला याहून चांगली तिथी नाही. हेच अष्टमीला आला असतात तर सकाळी सहाला भरती आणि ओहोटी भर दुपारी सव्वाबाराला, खडक तव्यासारखा तापलेला. पण एक लक्षात ठेवा, अमावास्येनंतरचे हे दिवस उधाणाचे. ओहोटीला पाणी खूप मागे जातं, तसंच भरतीला जोराने आणि उंच येतं. म्हणून रविवारी सव्वाआठला खाली उतरा आणि सव्वानऊच्या आत वर या. पाणी मागे सरत असताना चालायचं, ते वळल्यावर नाही.

आणि सोमवारची रजा आहे तर बागमांडल्याहून वेसवीला फेरी बोटीने पलीकडे जा, बाणकोटवरून वेळास. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं बाहेर यायचे हे दिवस आहेत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 पासून गावाला बरोबर घेऊन तिथं काम उभं केलं. सकाळी आणि संध्याकाळी घरट्यावरची टोपली उचलतात, पिल्लं असतील तर सोडतात. असतीलच असं नाही. मुलीला आधीच सांगून ठेवा, आणि हात लावायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही हेही. राहणं-जेवण गावातल्या घरांतच होतं.

सुरंगीचा वळेसर

वेंगुर्ल्याहून लिहिते. पुण्याहून एका सुट्टीत आमच्याकडे येणं दगदगीचं, म्हणून आग्रह नाही. पण कधी चार दिवस मिळाले तर याच दिवसांत या. सुरंगी फुललेली असते, काजूची बोंडं लागलेली असतात. काकांना त्या वासासाठी तरी आणाच.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरांना विचारलं. गोळीत खरंच ते औषध आहे. त्या दिवसांपुरती वेळ बदलून दिली आणि पाण्याबद्दल बाबांना त्यांनीच बजावलं, त्यामुळे माझं काम सोपं झालं. रायरेश्वर आणि हरिहरेश्वर-वेळास पक्कं करते. पाऊलवाट, शिड्यांना कठडा आहे ना?

पाऊलवाट

आहे. पण आठ-नऊनंतर लोखंड हाताला चटकतं. उतरताना हातात सुती रुमाल किंवा हातमोजे असू द्या.

धागाकर्ती

जाऊन आलो. पुढे कुणाला उपयोग व्हावा म्हणून लिहिते.

रायरेश्वरला सव्वाचारला निघालो, साडेसहाला खिंडीत. चढायला बाबांना पन्नास मिनिटं लागली, दोनदा बसलो. पठारावर वारा होता, म्हणून ऊन जाणवत नव्हतं. तिथेच फसायला होतं, घड्याळ लावून पाणी प्यायल्यामुळे वाचलो. कोर्ल्याच्या घाटात परतताना पांगारा दिसला, पान एक नाही आणि सगळं झाड लाल. बाबांनी गाडी थांबवायला लावली. फुलातला मध प्यायला येणारे पक्षी त्यांनी लेकीला नावानिशी दाखवले: साळुंकी, कोतवाल, बुलबुल. अर्धा तास आम्ही रस्त्याच्या कडेला उभे होतो. त्या अर्ध्या तासासाठी मी पुन्हा चारला उठेन.

पिठलं-भाकरी खाऊन साडेनऊला परत फिरलो, साडेदहाला गाडीपाशी. दोन काठ्यांचा फार फरक पडला. रात्री गुडघा थोडा दुखला, सकाळी ठीक. तिघांत नऊ लिटर नेलं होतं, दीड उरलं.

हरिहरेश्वरला भांगाचं पाणी यांनी सांगितलं तसंच पाणी मागे गेलेलं होतं. पायऱ्या उंच आहेत, गुडघेवाल्यांनी घाई करू नये. बाबा सगळी प्रदक्षिणा चालले. देवळाबाहेर बसून लेकीने पुढच्या पंधरवड्याच्या भरती-ओहोट्या वहीत काढल्या आणि आजोबांनी तपासून दिल्या.

वेळासला रविवारी संध्याकाळी एकही पिल्लू नाही. ती हिरमुसली, पण तिला आधी सांगितलेलं होतं. सोमवारी सकाळी सात आली. तळहाताहूनही लहान, प्रत्येकाची चाल वेगळी. एक सारखं उलटं वळत होतं, ते पाण्याला लागेपर्यंत कुणी जागचं हललं नाही.

आता पुढचा प्रश्न. रायरेश्वरवरून बाबा सारखे केंजळगडाकडे बघत होते. नोव्हेंबरात न्यायचा विचार आहे. तिथल्या कातळात कोरलेल्या पायऱ्यांची उंची साधारण किती आहे आणि उतरताना धरायला काही आहे का? गुडघा दुखणाऱ्या कुणी अलीकडे केला असेल तर जरूर लिहा.