जाडीआधी तारेत काय आहे ते बघा
‘दोन्ही स्पीकरच्या तारा सारख्या लांबीच्या नसतील तर स्टिरिओ बिघडतो’ असं स्पीकरच्या तारांच्या या चर्चेत वर कुणीतरी लिहिलंय, ते मला पटत नाही. विजेच्या वेगापुढे दोन-तीन मीटरचा फरक काहीच नाही. खरा प्रश्न रोधाचा, म्हणजे तार विजेला किती अडवते याचा (तो ओहममध्ये मोजतात), आणि तिथे विजेचं जाणं-येणं, म्हणजे तारेची दुप्पट लांबी धरावी लागते. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार १० मीटर ओढली की रोध साधारण ०.२३ ओहम. स्पीकर ८ ओहमचा लिहिलेला असला तरी काही स्वरांवर तो ३-४ ओहमपर्यंत उतरतो, इतरत्र २० च्या वर जातो. त्यामुळे तारेचा रोध प्रत्येक स्वराचा आवाज वेगवेगळ्या प्रमाणात कमी करतो आणि आवाजाच्या पातळीत अर्ध्या डेसिबलचा चढउतार होतो, तो कान लावून ऐकणाऱ्याला जाणवू शकतो. ४ चौरस मिलिमीटरची तार घेतली की हा चढउतार ०.२ डेसिबलवर येतो.

आणखी एक, जे इथे कुणी लिहिलं नाही: तार आतून तांब्याचीच आहे ना, हे तपासा. मी एकदा ‘शुद्ध तांबं’ म्हणून घेतलेल्या तारेची टोकं ब्लेडने खरवडली, तर आत पांढरंशुभ्र ॲल्युमिनियम! वरून फक्त तांब्याचा मुलामा. अशा तारेचा रोध तेवढ्याच जाडीच्या तांब्यापेक्षा दीडपटीहून जास्त असतो. मी ती सगळी काढून टाकली.