कॅम्परचं छत गळतंय: सिलिकॉनवर सिलिकॉन किती वेळा मारायचं?

घाटातला_मुक्काम
फोर्स ट्रॅव्हलरवर बांधलेली कॅम्पर, छत पत्र्याचं. वर १४ बाय १४ इंचाचा फॅन व्हेंट, मागे दोन सोलर पॅनल, एकूण आठ ब्रॅकेट. पावसात मागच्या बेडवरच्या कपाटातून थेंब पडतात, व्हेंटपासून चांगलं चार फूट लांब. गाडी उभी असली की कमी, पळवली की जास्त. व्हेंटच्या कडेने दोनदा सिलिकॉन मारून झालंय. आता अख्ख्या छताला वॉटरप्रूफ कोटिंग करून घ्यावं का? जूनआधी उरकायचंय.

पत्रा_प्राइमर
कोटिंगचं नंतर बघू. पाणी टपकतं तिथूनच शिरतं असं नाही. आतल्या कमानींवरून, वायरच्या पाइपातून वाट काढत ते कुठेही निघतं. आधी भोक शोधा.

सगळ्या खिडक्या आणि व्हेंट बंद करा. एका खिडकीत पुठ्ठा बसवून त्यातून ब्लोअरने आत हवा भरा. लिटरभर पाण्यात दोन चमचे भांड्यांचं लिक्विड टाकून छतावरच्या प्रत्येक जोडावर, स्क्रूवर आणि रिव्हेटवर फवारा. जिथे बारीक फेस उकळल्यासारखा वर येईल तिथे भोक. पाइपाने पाणी मारून बघायचं तर खालून वर सरकत जा, एका भागावर दहा मिनिटं. वरून सुरुवात केली तर कुठलं पाणी कुठलं, काही कळत नाही.

ब्रॅकेट साध्या पॉप रिव्हेटने ठोकले असतील तर आधी तिथेच फवारा. त्या रिव्हेटच्या मधोमध आरपार भोक राहतं आणि खिळ्याचा तुकडा सैल झाला की तिथून सरळ पाणी उतरतं. बंद तोंडाचे रिव्हेट वेगळे मिळतात.

सीलंट_गन
चालत्या गाडीत जास्त म्हणता, म्हणजे व्हेंटच्या पुढच्या कडेवरही संशय घ्या, वाऱ्याने पाणी फ्लँजखाली (फ्रेमची छतावर टेकलेली पट्टी) ढकललं जातं. ही कड का सुटते? फ्रेम एबीएस प्लास्टिकची, छत पोलादाचं. तेवढ्याच उन्हात प्लास्टिक पत्र्याच्या सहा ते आठ पट पसरतं. तापमान ४० अंशांनी बदललं की ४० सेंमीची फ्रेम दीड मिमीच्या आसपास हलते, तिथला पत्रा जेमतेम ०.२ मिमी. हा फरक रोज झेलायचा तर सीलंट ताणलं जाणारं हवं. एम-सील तिथे तडकणारच.

दुसरं, सिलिकॉनवर दुसरं काही चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नीट नाही. दोनदा मारलंय म्हणजे काम दुप्पट. व्हेंट उचलावाच लागेल. प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, सिलिकॉन रिमूव्हर लावा, मग २४० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा आणि शेवटी आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसा. पाणी शिंपडून बघा. ते मोत्यासारखं गोळा झालं तर सिलिकॉन अजून आहे, परत खरवडा. कापलेल्या कडेला गंज असेलच, तो काढून इपॉक्सी प्राइमर द्या आणि पूर्ण वाळू द्या.

फ्लँजखाली ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) लावा, १ इंच रुंद, ३ मिमी जाड. चारही बाजूंना मिळून दोन मीटर पुरते, कोपऱ्यात थोडी एकावर एक येऊ द्या. स्क्रू समोरासमोरचे घेत थोडे थोडे आवळा. टेप सगळीकडून सारखी बाहेर आली की थांबा. स्क्रूंच्या मधली फ्लँज वर उचलली गेली तर जास्त आवळलंय. दोन दिवस उन्हात राहू द्या, स्क्रूंना पुन्हा अर्धा फेरा द्या, बाहेर आलेली टेप कापून टाका. वरून स्क्रूची डोकी आणि कड पीयूने, म्हणजे पॉलियुरेथेन सीलंटने भरा (सिकाफ्लेक्स २२१ किंवा तसं). ६ मिमीची रेघ धरली तर ३०० मिलीच्या एका नळीत आठेक मीटर होते, ब्रॅकेटलाही पुरेल. पीयू हवेतल्या दमटपणाने सुकतं, दिवसाला साधारण ३ मिमी, तेव्हा लगेच गाडी धुवायला काढू नका. उन्हात त्याचा वरचा थर भुकटी होतो, म्हणून वर रंग द्या.

फ्लँजखाली मात्र पीयू नको. पुढच्या वेळी काढताना फ्रेमच तुटेल.

घाटातला_मुक्काम
आणि डांबराची ॲल्युमिनियम टेप? हार्डवेअरवाला तीच देतोय.

पत्रा_प्राइमर
घराच्या स्लॅबला ठीक. उन्हाळ्यात गाडीचा पत्रा इतका तापतो की डांबर मऊ पडून सरकतं. खाली शिरलेलं पाणी अडकून गंज धरतो तो दिसतही नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओंत रबरी छतावर सेल्फ-लेव्हलिंग सीलंट ओततात, तेही फक्त सपाट जागी चालतं, उतारावर ओघळतं.

कोटिंग उघडा पत्रा झाकतं, सुटलेला जोड धरत नाही. मेच्या शेवटी आणि ऑक्टोबरात एकदा वर चढून (फळी टाकून, पत्र्यावर थेट पाय नको) सीलंटच्या सगळ्या रेघा नखाने दाबून बघा. कडा उचलली जात असेल तर तेवढाच तुकडा कापून नवा भरा. पॅनलखालचा पाचोळा आणि पन्हळीची भोकं साफ करा. प्रेशर वॉशरचा फवारा सीलंटवर थेट मारू नका.