लव्ह गुरू: टिंगल नेमकी कुणाची?
वर दोघांनी लिहिलंय की 'द लव्ह गुरू' या हॉलिवूडच्या विनोदी चित्रपटात (2008) हिंदू धर्माची टिंगल आहे. मला नाही तसं वाटलं. माइक मायर्सने रंगवलेला गुरू पिटका मुळात अमेरिकन, आणि त्याचं दुःख काय, तर आपण अमेरिकेतले प्रसिद्ध अध्यात्मगुरू दीपक चोप्रा यांच्या मागे दुसऱ्या नंबरवर! ओप्रा विन्फ्रीच्या टीव्ही शोमध्ये झळकलं की मोक्ष. इंग्रजी 'ड्रामा' (DRAMA) शब्दाची अक्षरं सुटी करून हा पाच पायऱ्यांचा उपदेश ठोकतो, वर त्याला ट्रेडमार्कची खूणही. सेल्फ-हेल्पच्या, म्हणजे आयुष्य सुधारण्याचे सल्ले विकण्याच्या, धंद्याची नस तिथे बरोबर पकडलीय.

आणि खुद्द चोप्राही यात स्वतःच्याच भूमिकेत दिसतात, मायर्सशी त्यांची मैत्रीच आहे. बाकी विनोद बहुतेक कमरेखालचे, बेन किंग्जलीसारखा नटही त्यातून सुटला नाही. सर्वांत वाईट चित्रपटाचा रॅझी (वाईट चित्रपटांना थट्टेने दिला जाणारा पुरस्कार) मिळाला, त्याबद्दल माझी तक्रार नाही.