अनुभव धागा: अंगणातली पाखरं आणि वचन

ईस्टरआधीचा उपवासकाळ संपता संपता सोलापुरात पारा 40 अंशांपलीकडे जातो आणि आपल्या ख्रिस्ती मंडळीतल्या बऱ्याच घरांच्या गच्चीवर पाण्याची भांडी दिसू लागतात. बायबलातल्या मत्तय 6:26 वर उपदेश पुष्कळ होतात, पण प्रभू तिथे आधी पाखरांकडे नीट बघायला सांगतो, ते राहून जातं. तेव्हा इथे तेवढंच लिहू या: काय दिसतं, त्यासाठी काय करावं लागतं, आणि कोणता शास्त्रभाग त्याने उलगडतो. मापं द्या, चुका कुठे होतात ते सांगा. वैयक्तिक साक्ष नको, तिला उपासनेत जागा आहे. प्रत्येक नोंदीवर लिहिणाऱ्याचा सोलापुरातला भाग दिला आहे.

जुळे सोलापूर
पाण्यापासून सुरुवात करा. मातीचं पसरट भांडं, फूटभर रुंद, पाणी दोन इंचांपेक्षा कमी, मध्ये एक खडबडीत दगड. खोल घमेल्यात पिल्लं बुडतात. प्लॅस्टिक आणि स्टील दुपारी पोळतं; मातीचं भांडं पाझरतं म्हणून गार राहतं, पण त्याच कारणाने लवकर आटतंही. एप्रिल-मेमध्ये सकाळी आणि दुपारी एकच्या सुमारास, असं दोनदा भरावं लागतं. रोज काथ्याने घासा, साबण नको. नुसतं पाणी बदलून भागत नाही, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात. मांजराला दबा धरता येईल अशा झुडपापासून सहा-सात फूट लांब ठेवा.

रेल्वे लाईन्स
मत्तय 6:26 चा अर्थ ‘बसून राहा, देव देईल’ असा लावणाऱ्यांनी पिल्लं असलेली चिमणी तासभर बघावी. पाखरं पेरत नाहीत, साठवत नाहीत, हे खरं. पण उजाडल्यापासून नर-मादी दोघंही खेपा घालत असतात. मोठी चिमणी दाणे खाते, पिल्लांना मात्र आधी अळ्या आणि किडेच लागतात. म्हणून ज्या अंगणात कीटकनाशक मारलं जातं तिथे बाजरीची रास ओतली तरी पिल्लं जगत नाहीत. त्या वचनात कष्टांना सुट्टी दिलेली नाही, चिंतेला दिली आहे.

आता घरट्याचं. आपल्याकडच्या माळवदाच्या घरांत तुळयांमध्ये आणि भिंतींत सांदी असायच्या. आरसीसीच्या स्लॅबमध्ये त्या नाहीत. स्तोत्र 84 मध्ये चिमणीला वेदीजवळ घर मिळतं, आपल्या नव्या इमारतीत तिला बोटभर फट मिळत नाही. मग पेटी लावा: जाड लाकडाची, तळ 15 बाय 15 सेंमी, उंची 20 ते 25, भोक 32 मिमीचं आणि तळापासून साधारण 15 सेंमीवर. भोक मोठं झालं की साळुंकी घुसते. भोकाखाली काडी लावू नका. चिमणीला ती लागत नाही, कावळ्याला बसायला मात्र सोय होते. तळाला पाच मिमीची चार छिद्रं पाडा. तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला ठेवा, पश्चिमेच्या उन्हात पिल्लं शिजतात. पत्र्याचा डबा तर अजिबात नको. अंडी 11 ते 14 दिवसांत फुटतात, पुढे दोनेक आठवड्यांत पिल्लं उडतात. पेटी रिकामी झाली की जुनं गवत काढून टाका, त्यात गोचिड्या आणि पिसवा राहतात.

मोदी
वरच्याला एक पुरवणी. मत्तय 10:29 मध्ये चिमणी पडणारच नाही असं म्हटलेलं नाही. पित्याच्या नकळत पडत नाही, एवढंच आहे. उडालेल्या पिल्लांपैकी बरीच वर्षभरही जगत नाहीत, हे मुलांपासून लपवू नये. त्या वचनातल्या बाजारभावाकडेही बघा: मत्तयात एका नाण्याला दोन चिमण्या, लूक 12:6 मध्ये दोन नाण्यांना पाच. पाचवी फुकट घातलेली, आणि तिचाही देवाला विसर पडत नाही.

बाळे
दाणे: बाजरी, राळा, ज्वारीच्या किंवा तांदळाच्या कण्या. एक मूठ, दोन तासांत संपेल इतकीच. उरलं तर पारव्यांची झुंड येते, रात्री उंदीर येतात आणि भिजलेल्या दाण्यांना बुरशी धरते. शेव, फरसाण, खारी बिस्किटं नकोत.

होटगी रोड
होल्यावर (लहान कबुतरासारखा पक्षी) कुणी लिहिलं नाही. चार काड्यांचं, खालून अंडी दिसावीत असं घरटं, तेही ग्रिलवर नाहीतर कुंडीत. अंडी दोनच. वारा आला की कधी कधी घरंगळतात. घरटं ‘नीट’ करायला जाऊ नका. हात लावून टेकू दिला तर माणसाची वर्दळ वाढते आणि जोडी ते सोडून जाते. लूक 2:24 मध्ये मरीया आणि योसेफ ज्या अर्पणासाठी आले ते होल्यांच्या जोडीचं किंवा पारव्याच्या दोन पिल्लांचं; लेवीय 12:8 प्रमाणे ज्यांना कोकरू परवडत नाही त्यांचं अर्पण. येशूच्या घरची परिस्थिती कळायला एवढी एक ओळ पुरते.

शेळगी
हिवाळ्यात संध्याकाळी शाळूच्या रानांवरून भोरड्यांचे (गुलाबी मैनांचे) थवे बाभळींकडे जातात. शेतकरी वैतागतो, पण त्या टोळही खातात. मार्च-एप्रिलमध्ये मध्य आशियाकडे परततात. यिर्मया 8:7 तेव्हाच वाचावं: पाखरांना येण्याजाण्याची वेळ कळते, माझ्या लोकांना कळत नाही. ते वचन गोड नाही, झोंबणारं आहे.

विजापूर रोड
रविवारशाळेसाठी: अनुवाद 22:6-7 घ्या. घरट्यातली आई पकडू नये, असा साधा नियम आहे. कुंडीत बुलबुलाचं घरटं असेल तर कुंडी हलवू नका. पाणी बुंध्याशी, दुपारची उन्हं उतरल्यावर घाला. पिसं फुटलेलं पिल्लू खाली दिसलं तर जवळच्या फांदीवर ठेवून लांब व्हा, आईबाप तिथेच असतात. बिनपिसांचं असेल तर परत घरट्यात ठेवा. हाताच्या वासाने आई टाकते हा गैरसमज आहे. चोचीत ड्रॉपरने पाणी सोडू नका, श्वासनळीत जातं.

आणि प्रत्येक पाखराला वचन चिकटवायची घाई नको. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते, त्याचा धडा काय, असं मुलं हमखास विचारतात. धडा काढू नका. कोकिळेचं पिल्लू कावळीकडे चोच वासतं ते त्यांना मे-जूनमध्ये दाखवा.