हॉटेल-साखळ्यांचे विलीनीकरण झाल्यावर हातातल्या को-ब्रँडेड कार्डाचे काय होते?

ओसरी (न्यू जर्सी)

नमस्कार. गेली सहा वर्षे माझ्याकडे एका मध्यम आकाराच्या हॉटेल-साखळीचे को-ब्रँडेड, म्हणजे साखळी आणि बँक यांनी मिळून दिलेले, क्रेडिट कार्ड आहे. किराणा, पेट्रोल, मुलीच्या शिकवणीची फी असा घरचा जवळपास सगळा खर्च मी त्यावरच करते. त्यातून जमलेले सुमारे १,८०,००० पॉइंट (त्यांवर हॉटेलात मोफत राहता येते) मी आई-बाबांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसासाठी राखून ठेवले आहेत. पुढच्या डिसेंबरात त्यांना चार दिवस गोव्याला न्यायचा बेत आहे. आता ही साखळी एका मोठ्या समूहात विलीन होणार असल्याचे जाहीर झाले आहे आणि त्या समूहाचे कार्ड दुसरीच बँक देते. अशा वेळी पॉइंट बुडतात का, कार्ड बंद पडते का, आणि मुख्य म्हणजे पॉइंट आताच वापरून मोकळे व्हावे की थांबावे, हे ज्यांनी असा प्रसंग जवळून पाहिला आहे त्यांच्याकडून समजून घ्यायचे आहे.

जुना हिशेबनीस

आपण जमलेल्या पॉइंटांची काळजी करत आहात, ती स्वाभाविक आहे. पण माझ्या मते त्याहून अधिक लक्ष कार्डावर यापुढे मिळणाऱ्या पॉइंटांकडे द्यायला हवे. मॅरियट आणि स्टारवुड या हॉटेल-समूहांच्या विलीनीकरणात मी हे स्वतःच्या कार्डावर अनुभवले आहे.

मॅरियटने स्टारवुड घेणार असल्याचे नोव्हेंबर २०१५ मध्ये जाहीर केले, व्यवहार २३ सप्टेंबर २०१६ रोजी पुरा झाला आणि दोन्ही सदस्यत्व योजना प्रत्यक्षात एक झाल्या त्या १८ ऑगस्ट २०१८ रोजी. एकत्र झालेल्या योजनेला ‘मॅरियट बॉनव्हॉय’ हे नाव तर २०१९ मध्ये आले. म्हणजे घोषणेपासून योजना एक होईपर्यंत पावणेतीन वर्षे गेली. जुने पॉइंट कोणाचे बुडाले नाहीत. स्टारवुडच्या एका पॉइंटाचे मॅरियटचे तीन पॉइंट झाले. हे पॉइंट देऊन विमान कंपन्यांचे मैल (तिकिटासाठी वापरायचे त्यांचे पॉइंट) घेता येतात, त्यांचा हिशेबही तसाच राहिला: पूर्वी स्टारवुडच्या २०,००० पॉइंटांचे २५,००० मैल होत, नंतर मॅरियटच्या ६०,००० पॉइंटांचे तेवढेच होऊ लागले. घोषणा वाचून आम्ही सगळे निश्चिंत झालो.

फरक पडला तो कार्डात. स्टारवुडच्या अमेरिकन एक्सप्रेस कार्डावर रोजच्या खर्चाला डॉलरमागे एक पॉइंट मिळत असे, म्हणजे नव्या मापाने तीन. विलीनीकरणानंतर त्याच कार्डावर डॉलरमागे दोनच मिळू लागले. ज्या २५,००० मैलांसाठी पूर्वी २०,००० डॉलर खर्च पुरत असे, त्यासाठी आता ३०,००० डॉलर लागू लागले. त्या बदल्यात दरवर्षी ३५,००० पॉइंटांपर्यंतच्या हॉटेलात एका रात्रीचा मोफत मुक्काम देण्यात आला. जो वर्षातून एकदा तरी अशा हॉटेलात उतरतो त्याला ९५ डॉलरच्या वार्षिक शुल्कात तो नक्कीच परवडतो, पण ज्याने किराण्यापासून सगळे त्या कार्डावर टाकून मैल जमवले त्याचे नुकसान त्याने भरून निघाले नाही. मी दुसऱ्या प्रकारातला होतो. आपणही त्याच प्रकारातल्या दिसता, म्हणून हे सविस्तर लिहिले.

नीराकाठ

मी काही वर्षे अमेरिकेत एका बँकेच्या कार्ड विभागात काम केले आहे, त्यामुळे यामागचे कारण थोडे सांगते. को-ब्रँडेड कार्डावर जे पॉइंट मिळतात ते बँक हॉटेल-समूहाकडून पैसे देऊन विकत घेते आणि त्याचा करार अनेक वर्षांचा असतो. साखळी विकली गेली म्हणून तो करार आपोआप संपत नाही. त्यामुळे विकत घेणाऱ्या समूहाच्या पदरात दोन बँका आणि दोन करार पडतात.

मॅरियटच्या बाबतीत चेस आणि अमेरिकन एक्सप्रेस या दोन्ही बँका राहिल्या. डिसेंबर २०१७ मध्ये नवे करार जाहीर झाले: सर्वसाधारण ग्राहकांची कार्डे मुख्यतः चेसकडे, तर अतिउच्च श्रेणीची आणि छोट्या व्यावसायिकांची अमेरिकन एक्सप्रेसकडे. या वाटणीत चेसचे रिट्झ-कार्लटन (मॅरियटचीच एक हॉटेल-साखळी) कार्ड नव्या अर्जदारांना बंद झाले, मात्र ज्यांच्याकडे ते आधीपासून होते त्यांचे चालू राहिले. आपल्यासाठी याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की एका बँकेचे कार्ड असणाऱ्याला किंवा नुकतेच असलेल्याला दुसऱ्या बँकेच्या कार्डावरचा स्वागत-बोनस, म्हणजे नवे कार्ड घेतल्यावर मिळणारे जादा पॉइंट, काही परिस्थितींत मिळत नाही, अशा अटी तेव्हा दोन्हीकडे आल्या. म्हणून मोठ्या समूहाचे कार्ड घ्यायचा विचार असेल, तर योजना एकत्र होऊन असे नियम येण्यापूर्वीच अर्ज करणे फायद्याचे ठरू शकते.

बँकच बदलण्याचीही तयारी ठेवा. विलीनीकरण नसतानाही हिल्टनची सिटी बँकेची कार्डे जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकन एक्सप्रेसकडे गेली. अशा वेळी कार्डाचा क्रमांक बदलतो आणि त्यावर लावलेली वीज, फोन, विमा यांची आपोआप जाणारी बिले स्वतः तपासून पुन्हा लावावी लागतात.

कोथरूडकर

दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत. गोव्याचा विषय निघाला म्हणून थोडी भर घालतो. विलीनीकरणाचा फायदाही असतो, तो विसरू नये. मिरामारचे मॅरियट आणि वागातोरचे डब्ल्यू ही गोव्यातली दोन हॉटेले. पहिले मॅरियटच्या योजनेतले, दुसरे स्टारवुडच्या. ऑगस्ट २०१८ पासून दोन्हीकडे एकच पॉइंट चालू लागले.

अडचण नंतर आली. मार्च २०२२ मध्ये मॅरियटने कोणत्या हॉटेलला किती पॉइंट लागतील हे सांगणारा ठरावीक तक्ता काढून टाकला आणि पॉइंटांचा आकडा तारखेप्रमाणे हलू लागला. गोव्यात डिसेंबरचा उत्तरार्ध म्हणजे वर्षातला सर्वांत महाग काळ. भारतात एचडीएफसी बँकेने २०२३ मध्ये मॅरियटचे को-ब्रँडेड कार्ड आणले. ३,००० रुपये अधिक कर एवढ्या वार्षिक शुल्कावर त्यात १५,००० पॉइंटांपर्यंतची एक रात्र मिळते. पुण्या-मुंबईच्या फेरीला ती चांगली उपयोगी पडते, पण नाताळाच्या गोव्यात तेवढ्यावर भागेल असे मी धरून चालणार नाही.

म्हणूनच पॉइंट घाईने कुठेतरी उडवू नका, असे मी सुचवेन. आपल्या साखळीचा ठरावीक तक्ता अजून असेल, तर आई-बाबांच्या तारखांची खोली आजच पॉइंटांवर आरक्षित करा आणि रद्द करण्याची मुदत नीट वाचून घ्या. शक्य असेल तर नाताळाऐवजी डिसेंबरचा पहिला आठवडा निवडा.

ओसरी (न्यू जर्सी)

सर्वांचे मनापासून आभार. तक्ता अजून आहे आणि ५ ते ९ डिसेंबरच्या चार रात्री मिळाल्या. आगमनाच्या तीन दिवस आधीपर्यंत त्या रद्द करता येतात. डॉलरमागे मिळणाऱ्या पॉइंटांच्या दरात बदल होणार असल्यास किती दिवस आधी कळवाल, हे मी बँकेला लेखी विचारले आहे. उत्तर येईपर्यंत किराण्याचा खर्च दुसऱ्या कार्डावर हलवते आहे.