प्रॉम्प्ट, कागद आणि सुई : तुम्ही काय केलंत? (अनुभव धागा)

हाताने वह्या शिवणाऱ्या आणि कापडावर टाके घालून चित्रं, नोंदी, नकाशे असं काहीही करणाऱ्या सगळ्यांना हे आवतण. अट एकच : जे केलंत ते कुठल्या तरी प्रॉम्प्टवरून, म्हणजे काम सुरू करायला समोर ठेवलेल्या शब्दावरून किंवा सूचनेवरून, केलेलं असावं. तो कुणी दिलेला असो, चिठ्ठीतून निघालेला असो, नाहीतर स्वतःच स्वतःला घातलेलं कोडं असो.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे भांडायला सोपं. 'पाऊस', 'आठवण', 'स्वातंत्र्य' असल्या प्रॉम्प्टनी माझा हात हलत नाही. आधी ढग येतात, मग छत्री येते आणि शेवटी सगळ्यांनी काढलेलं तेच चित्र निघतं. याउलट 'गाठ न मारता' किंवा 'कात्री बंद, फक्त फाडलेल्या कडा' असं समोर आलं की डोकं लगेच कामाला लागतं. गाठ नाही, मग दोरा अडकवायचा कसा? सहा पदरी लडीतला एकच पदर दुप्पट लांब घ्यायचा, मधोमध दुमडायचा आणि दोन्ही सुटी टोकं नेढ्यातून ओवायची. पहिला टाका कापडाच्या पाठीमागून पुढे आणि परत मागे घेताना सुई त्या दुमडीच्या फासातून काढायची. फास आवळला की दोरा पक्का. ही युक्ती पदर सम संख्येत असतील तरच जमते, हे 'तीन पदर' हा प्रॉम्प्ट आल्यावर कळतंच. म्हणून मला वाटतं, चांगला प्रॉम्प्ट विषय देत नाही, तो एखादी वाट बंद करतो.

तुमचं काय? साहित्य आणि मापं जरूर लिहा, फोटो नसले तरी चालतील.

*

'डिंकाशिवाय'

मी कागदवाला माणूस, कापडातलं फारसं कळत नाही. हा प्रॉम्प्ट आला आणि कॉप्टिक बांधणीकडे वळलो. इजिप्तमधल्या सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी वापरलेली ही पद्धत. फर्मे (एकात एक घालून दुमडलेल्या तावांचे गठ्ठे) एकमेकांना थेट दोऱ्याने साखळीसारखे जोडलेले असतात, पाठीवर काही चिकटवावं लागत नाही. ब्रिटिश लायब्ररीत सेंट कथबर्ट गॉस्पेल नावाचं आठव्या शतकाच्या सुरुवातीचं एक छोटं हस्तलिखित आहे, जेमतेम १३८ बाय ९२ मिलिमीटरचं. त्याची शिवण याच जातीची आणि मूळ चामडी बांधणी अजून शाबूत. हे वाचल्यावर 'डिंक नसेल तर टिकेल का' ही शंका मी सोडून दिली.

साहित्य : १२० जीएसएमचा (दर चौरस मीटरला १२० ग्रॅम वजनाचा) कागद, चार-चार ताव एकात एक घालून दुमडलेले. म्हणजे एका फर्म्यात आठ पानं, सोळा पृष्ठं. दोरा लिननचा, मेण लावलेला. लांबी काढायचा सोपा हिशोब : वहीची उंची गुणिले फर्म्यांची संख्या, वर हातभर जास्त.

नव्याने करणाऱ्यांना एकच गोष्ट कळकळीने सांगतो. कागदाचा ग्रेन बघा. यंत्रावर बनलेल्या कागदातले तंतू बहुतांशी एकाच दिशेला, कागद यंत्रातून ज्या दिशेने धावतो तिकडे लागलेले असतात. वहीची घडी त्या दिशेला समांतर हवी. आडवी घातलीत तर घडीवर कागद तडकतो आणि पानं पालथी पडायला तयारच होत नाहीत. ओळखायचं कसं? ताव हलकेच दोन्ही बाजूंनी वाकवून बघा, ज्या बाजूने तो सहज वाकतो त्या वाकाला ग्रेन समांतर. तरी शंका असेल तर छोटा चौकोन कापून एका बाजूने ओला करा. तो लगेच गुंडाळायला लागतो आणि त्या गुंडाळीचा अक्ष म्हणजे ग्रेनची दिशा. पुठ्ठ्यालाही ग्रेन असतो. हाताने गाळलेल्या कागदात तो जवळजवळ नसतो, त्यामुळे तिथे ही कटकट नाही.

भोकं आरीने घडीच्या आतून बाहेर, उघडी वही ठेवतात तशा व्ही आकाराच्या खोबणीत फर्मा धरून पाडा. वही झाली की कुठल्याही पानावर पूर्ण सपाट उघडते. चित्र काढणाऱ्यांना याहून काय हवं?

(धागाकर्ती : आवळताना दोरा पाठीला समांतर ओढा, लंब ओढलात तर भोकाशी कागद फाटतो. बाकी सगळं पटलं.)

*

'उलटी बाजू'

मला हा प्रॉम्प्ट एका मैत्रिणीने दिला आणि मी आधी चिडले होते. भरतकामाची मागची बाजू स्वच्छ असावी, यावरून लहानपणी बोलणी खाल्लेल्या बाईला हे देतात का? शेवटी ठरवलं की चित्र मागच्या बाजूनेच दिसायचं. रिंगमध्ये कापड उलटं ताणलं आणि पुढून साखळी टाका घातला. मागे त्याच्या उलट्या टिपेसारख्या लहान लहान रेघा येतात, अगदी नेटक्या. भरीव भाग समोरच्या बाजूने आडव्या टाक्यांनी भरला आणि एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाताना दोरा न तोडता मागून तसाच ओढला. त्या लांब धाग्यांची जी जाळी झाली तीच माझी झाडाची मुळं.

नंतर कळलं की बायो टॅपेस्ट्रीची पाठही अशीच बघण्यासारखी आहे. नाव टॅपेस्ट्री असलं तरी ते विणकाम नाही. अकराव्या शतकातलं, लिननवर लोकरीच्या धाग्यांनी केलेलं सुमारे ७० मीटर लांबीचं भरतकाम आहे. १९८२-८३ मध्ये अस्तर काढून मागची बाजू तपासली, तेव्हा तिथले रंग पुढच्यापेक्षा ताजे निघाले. साहजिक आहे, उजेड लागलेलाच नाही. तेव्हापासून मी माझ्या तुकड्यांना अस्तर लावताना ते कायमचं शिवून टाकत नाही, एक कड कच्च्या धावदोऱ्याने बंद करते.

*

धागाकर्तीशी असहमत! मला मोघम विषयच लागतो. 'आवाज' एवढाच शब्द होता. संध्याकाळी डोळे मिटून बसले आणि जे ऐकू आलं त्याला एकेक टाका नेमून दिला. पंखा : धावदोरा, एकसारख्या अंतराने. नळाचं ठिबकणं : फ्रेंच नॉट (सुईभोवती दोरा गुंडाळून केलेली दाण्याएवढी गाठ), दूर दूर. वरच्या मजल्यावर खुर्ची सरकवली की कापडाची कड उरेब ओढून घातलेला एक लांब, सैल टाका. कुत्रं भुंकलं तेव्हा काय करावं सुचेना, मग त्या जागी कापड कापलं आणि कडांच्या दशा निघू दिल्या. 'उरेब टाका घाला' असा प्रॉम्प्ट असता तर मी जांभई दिली असती.

(धागाकर्ती : पण बंधन तुम्ही स्वतःच घालून घेतलंत की. एका आवाजाला एक टाका!)

हो, पण मीच घालून घेतलं. फरक आहे.

*

आमच्या गटात आम्ही पत्त्यांचा संच केलाय. कल्पना जुनीच आहे : १९७५ मध्ये संगीतकार ब्रायन ईनो आणि चित्रकार पीटर श्मिट यांनी 'ऑब्लिक स्ट्रॅटेजीज' नावाने सूचनांचे पत्ते छापले होते, काम अडलं की एक ओढायचा. आमचे पत्ते सुईदोऱ्याचे आहेत. काही इथे देतो, घ्या आणि वापरा :

दोरा संपेल तिथे रंग बदल.
भोक झाकू नकोस, त्याला चौकट कर.
डाव्या हाताने (डावखुऱ्यांनी उजव्या).
सगळ्यात जास्त आवडलेला भाग दुमडीत जाऊ दे.
कालच्या टाक्यावरून परत जा.
मजकूर असलेला कागद वापर, पण वाचता येता कामा नये.

सर्वांत त्रासदायक 'आवडलेला भाग दुमडीत'. तो ओढला की गटात शांतता पसरते. एका सभासदाने तो पत्ता गुपचूप लपवल्याचा आम्हाला दाट संशय आहे.

*

'रोजचा रस्ता'

आलेल्या पत्रांची पाकिटं मी फाडत नाही, जोड सोडवून सपाट करते. आतल्या बाजूला मजकूर दिसू नये म्हणून छापलेली निळी-करडी नक्षी असते, ती मला फार आवडते. त्याच पाकिटांची पानं करून घर ते कामाची जागा हा रस्ता वहीभर शिवला. एका पानावरून दोरा पलीकडच्या पानावर जातो, त्यामुळे प्रत्येक पानाच्या मागे न ठरवलेला दुसरा एक रस्ता तयार होतो.

कागदावर शिवताना भोकं आधी पाडून घ्या, कापडासारखी सुईने चाचपत बसलात तर कागद चुरगळतो. दोन भोकांत तीन-चार मिलिमीटर अंतर असू द्या. फार जवळ पाडली तर तिकिटांच्या तावासारखी रेघ होते आणि कागद तिथूनच सुटतो. पाकिटाचा कागद पातळ, म्हणून मागे बकरमचा पातळ थर किंवा खळीने चिकटवलेला टिश्यू लागतोच. सुई बारीक, दोरा दोन पदरी.

*

बोटांच्या सांध्यांचं दुखणं आहे मला. बारीक टाके बंद झाले, म्हणून लिहितेय. मोठ्या नेढ्याची जाड सुई, जाळीदार विणीचं सैल कापड, रिंग टेबलाला अडकवलेली. सुई ओढायला रबराचा छोटा तुकडा बोटाला गुंडाळते. वहीसाठी फक्त तीन भोकांची शिवण : मधल्या भोकातून आत, वरच्यातून बाहेर, खालच्यातून आत, पुन्हा मधल्यातून बाहेर आणि लांब टाक्याच्या दोन बाजूंना टोकं घेऊन गाठ. एका बैठकीत वही हातात. मला 'लहान' हा प्रॉम्प्ट आवडतो, दुखणं नसतं तरी आवडला असता.

*

'रोज एक ओळ'

लिहायची नाही, शिवायची. एक लांब पट्टी, एकच रंग, उलट्या टिपेची अक्षरं. शिरोरेघ आधी एका सलग टाक्याने घालायची की प्रत्येक शब्दाची वेगळी, यावर मी जितका विचार केला तितका कशावरच केलेला नाही. वेगळी घातली. सलग रेघ ओढली की कापड आखडतं आणि शब्दांमधली जागा दिसेनाशी होते. जोडाक्षरं टाळायची सवय लागली आणि त्यामुळे माझी वाक्यंच बदलली. 'त्रस्त' शिवायला जितका वेळ लागतो तेवढ्यात त्रास कमी होतो, असं गमतीने म्हणते मी.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात एलिझाबेथ पार्कर नावाच्या मुलीने १८३०च्या सुमारास केलेलं कापड आहे. नमुन्याची फुलं-पानं नाहीत, फक्त लाल दोऱ्याच्या फुलीच्या टाक्यांतला मजकूर. घरकामाला असताना मालकाकडून झालेला छळ, जीव द्यावासा वाटणं, सगळं तिने त्यात शिवलंय. आणि मजकूर वाक्याच्या मध्येच थांबतो, खाली बरंच कापड कोरं. मी छायाचित्रच पाहिलंय, पण ते पाहिल्यापासून ओळ अर्धी राहिली तर दुसऱ्या दिवशी ती पूर्ण करायचा हट्ट धरत नाही.

*

'गंज'

जुने खिळे, सुती कापड, व्हिनेगर. कापड भिजवायचं, खिळ्यांभोवती घट्ट गुंडाळून बांधायचं, प्लास्टिकमध्ये ठेवून द्यायचं. एक-दोन दिवसांत नारिंगी-तपकिरी ठसे उमटतात, त्यांच्या कडांनी मी धावदोरे घातले. हातमोजे घाला, आणि ही भांडी पुन्हा दुसऱ्या कशाला वापरू नका.

आता प्रश्न : हा तुकडा वहीत पान म्हणून शिवायचाय. काही अपाय?

(धागाकर्ती : आहे. लोखंड सुती तंतूंना हळूहळू खातं, ठशाची जागा ठिसूळ होत जाते. आधी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून आम्ल मारा, मग भरपूर साध्या पाण्याने धुवा. वेग कमी होईल, थांबणार नाही. समोरच्या कागदालाही डाग जातो, तोही कालांतराने कमजोर होतो. शिवायचंच असेल तर दोन्ही बाजूंना आम्लरहित कागदाची कोरी पानं घाला.)

आणि ती कोरी पानं तपकिरी व्हायला लागली तर?

(धागाकर्ती : तर ती बदला. म्हणून तेवढा फर्मा शेवटी ठेवा आणि वेगळ्या दोऱ्याने शिवा, उसवताना अख्खी वही सुटणार नाही.)