नासपती राहू द्या, जाम घ्या

ताई, रेड वाईन घातलेल्या साखरेच्या पाकात नासपती शिजवायला गेलं की तिचा लगदा होतो आणि गावात रेड वाईनही मिळत नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझं ऐकाल तर नासपती सोडा, जाम (पेरू) घ्या. थंडीत आपल्याकडे भरपूर मिळतात. पिवळसर झालेले, पण दाबल्यावर न दबणारे निवडा.

साल काढून दोन भाग करा, बिया चमच्याने कोरा. एक वाटी साखरेला तीन वाट्या पाणी. पाक एवढा पातळच हवा. दाट पाक फळातलं पाणी ओढतो आणि फळ आक्रसतं. वाईनऐवजी वाळवलेली लाल अंबाडीची फुलं मूठभर टाका. रंग सुरेख येतो, शिवाय आंबटपणामुळे फळ लवकर मऊ पडत नाही. आंबट आहे म्हणून भांडं स्टीलचंच घ्या.

लगदा होतो तो खळखळ उकळीने. आच इतकी मंद ठेवा की कडेला एखादाच बुडबुडा यावा, साधारण ८० ते ८५ अंश. फळं तरंगतात, म्हणून वर छोटी ताटली ठेवा. सुरी अलगद शिरली की गॅस बंद, आणि फळं रात्रभर त्याच पाकात. ही पायरी गाळू नका हो, चव तेव्हाच मुरते! सकाळी फळं काढून नुसता पाक निम्मा आटवा.

जामऐवजी संत्री घेतलीत तर सोललेल्या फोडी मात्र शिजवू नका, गरम पाक वरून ओतला की पुरे. अमरावती जिल्ह्यातल्या वरुड-मोर्शीकडची मृग बहाराची (पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलोरा येणारी) संत्री यासाठी मला जास्त आवडतात.